मधाचा व्

प्रिय पोरी,

पत्र दोनदा वाचलं. रशियन ‘मेद्वेद्’, म्हणजे अस्वल, हा शब्द मधु आणि वेद मिळून झाला, ‘मध जाणणारा’, असं तू प्रबंधात लिहिलंस, सरांनी त्यावर लाल रेघ मारली, आणि आता विषयच सोडावा म्हणतेस. काही सोडू नकोस. शब्द कुठे तोडायचा तेवढं शिक.

तू ‘मेद-वेद’ तोडलास. तो ‘मेद्व्-एद्’ असा तुटतो. मधु अधिक अद्, म्हणजे खाणं, मध्वद्. शाळेतला यण् संधी गं, पुढे अ आला की उ चा व्! तो व् मधाचा आहे, वेदाचा नाही. ऋग्वेदात (१.१६४.२२) ‘मध्वदः सुपर्णाः’ येतात, मध खाणारे पक्षी. तोच समास स्लाव्हांनी, म्हणजे रशियन, पोलिश वगैरे भाषांच्या पूर्वजांनी, अस्वलाला दिला.

मोह कळतो मला. रशियनमधलं ‘वेदात्’, जाणणं, हे खरोखरच आपल्या विद् धातूच्या नात्यातलं. खुद्द रशियन माणसंही अस्वलाला मध ‘जाणणारा’ करतात. मी तर सव्विसाव्या वर्षी एका भाषणात अस्वलाचा पार ऋषी केला होता. टाळ्या पडल्या. नंतर एका बाईंनी बाजूला घेऊन हाच व् दाखवला, तर मी त्यांच्याशी चार वर्षं बोललो नाही. तेव्हा धड कोश मिळत नव्हते, हे खरंय. पण संधी पाठ होता की. बाई गेल्या, आणि माझं ‘चुकलो’ म्हणणं राहिलं.

असो. मूळ स्लाव्ह भाषेतल्या ‘मेद्वेदि’च्या आधी तारा (*) का छापतात? कारण ते रूप लिहिलेलं कुठेच सापडत नाही, लेकींच्या चेहऱ्यांवरून आई ओळखलीय. पोलिश लेकीनं म चा न केला. युक्रेनियन ‘वेद्मिद्’मध्ये तर म आणि व यांनी जागाच बदलल्या, तिथे काय, ‘वेद जाणणारा मध’ म्हणशील? शेजारच्या हंगेरियननं ‘मेद्वे’ उसना नेला. पुन्हा सांगतो, कानानं तोडू नकोस.

आणि खरी गंमत तुझ्या प्रबंधात आलीच नाही! अस्वलाचं जुनं नाव संस्कृतात ऋक्ष, ग्रीकमध्ये आर्क्तोस, लॅटिनमध्ये उर्सुस. आपली ‘रीस’ त्यातलीच. स्लाव्हांनी ते नाव टाकलं. का? रात्री आपण सापाला ‘लांबडं’ म्हणतो ना, तसंच. नाव घेतलं की तो यायचा, ही भीती. यावर दहा पानं लिही.

उद्याच सरांकडे जा. चार वर्षं लावू नकोस.

तुझा,
काका