पाळकाची पत

प्रिय मुला,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. तालुक्याच्या मंडळीने, म्हणजे आपल्या चर्चने, तुला पाळक म्हणून बोलावलं याचा आनंद झाला. पगार देण्याची त्यांची ऐपत नाही हे मला ठाऊकच होतं, पंचवीस वर्षांपूर्वीही नव्हती. तुझ्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान चालू ठेवावं की बंद करावं, एवढंच तू विचारलं आहेस.

बंद करू नकोस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच संपलं. पण तू न विचारलेलं बरंच काही आहे आणि मी आता रिकामा माणूस आहे, तेव्हा वाच.

धंदा करणारा पाळक म्हणजे कमी दर्जाचा पाळक, असं तुला कोणी ना कोणी ऐकवेल. मला तर एका सभेत तोंडावर ऐकवलं होतं. त्यांना बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा अठरावा अध्याय काढून दे. प्रेषित पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून राहुट्या करत होता. मात्र एक बारकावा विसरू नकोस. त्याच पौलाने फिलिप्पैच्या मंडळीकडून मदत घेतली आणि करिंथकरांकडून घेतली नाही. म्हणजे हा सरसकट नियम नव्हता. कुठे घ्यायचं आणि कुठे नाही, हे तो माणसं पाहून ठरवत होता. मिशनरी विल्यम केरी इंग्लंडात मोल्टनमध्ये पाळक असताना जोडे शिवायचा आणि शाळाही चालवायचा. 1793 मध्ये बंगालात आल्यावर पोटासाठी त्याने मदनाबाटीच्या निळीच्या कारखान्याची व्यवस्था पत्करली, तेव्हा विलायतेतल्या मंडळींना काळजी लागली, हा आता व्यापारी होतो की काय! तोच केरी 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापून मोकळा झाला. आपल्या नगर जिल्ह्यात तर ही गोष्ट पहिल्यापासूनची आहे. अमेरिकन मिशन नगरला आलं 1831 मध्ये, हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली 1854 मध्ये, आणि त्याच सुमाराला बोस्टनहून आलेले मिशनचे सचिव रूफस अँडरसन सांगत होते की मंडळ्यांनी आपला खर्च आपण उचलावा. सांगून पावणेदोनशे वर्षं होत आली. अजून उचलतोच आहोत.

माझा छापखाना होता, हे तू लहानपणी पाहिलंच आहेस. पायाने चालणारं ट्रेडल, अक्षरांच्या खिळ्यांच्या केसी आणि एक कंपोझिटर. तो रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचा. लग्नपत्रिका, बिलबुकं, दहाव्याची कार्डं, जत्रेची हँडबिलं, सगळं छापलं. गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकंसुद्धा. यावर मंडळीतल्या एका मोठ्या माणसाने आक्षेप घेतला होता. मी त्याला जावजी दादाजींची गोष्ट सांगितली. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पोरवयात कामाला लागलेल्या या माणसाने पुढे 1869 मध्ये निर्णयसागर काढला आणि संस्कृत ग्रंथ असे छापले की पंडितांनी डोक्यावर घेतले. मिशनच्या खिळ्यांनी त्याला काही बाटवलं नाही, मग गणपतीच्या पावत्या मला काय बाटवणार? तूही देवळाच्या कळसाला लागणारं सिमेंट आणि मशिदीच्या पत्र्यांचे जे-हुक विकशील. वजन बरोबर दे म्हणजे झालं. गाव पाळकाला आधी तराजूवर तोलतं.

आता मुख्य गोष्ट. मंडळीतल्या माणसाला उधारी देऊ नकोस.

तू म्हणशील, हे कसलं पाळकाचं बोलणं! ऐक. आमच्या भजनी मंडळात एक ढोलकीवाला होता. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं पद सुरू झालं की त्याचा हात असा पडायचा, बाहेर रस्त्यावरचा माणूस थांबायचा. 1986 च्या सुमाराला त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. दोनशे पत्रिका छापून दिल्या, बिल झालं पावणेदोनशे रुपये. तो म्हणाला, सुगीवर देतो. मी म्हणालो, सावकाश दे, घाई काय आहे. वहीत नाव लिहिलं. लग्न मीच लावलं.

सुगी झाली. तो आला नाही. दुकानातही नाही आणि रविवारीही नाही. ढोलकी खुंटीला टांगलेली. मला वाटलं, लेकीच्या सासरी काही बिनसलं असेल. मग वाटलं, विश्वासात थंड पडला. अगदी खरं सांगतो, मी त्या काळात हरवलेल्या मेंढरावर एक उपदेशही केला आणि मनात तोच होता. चार महिन्यांनी घरी गेलो. बायको म्हणाली, "घरी नाहीत, साहेब." तिच्या पायाशी त्याच्या वहाणा होत्या.

परतताना सायकल हातात धरून चालत आलो. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. उपासनेला आलेल्या माणसाला व्यासपीठावर पाळक दिसला पाहिजे. त्याला सावकार दिसत होता. प्रभूच्या प्रार्थनेत 'आमची ऋणे आम्हांस सोड' म्हणताना तो माझ्यासमोर उभा राहणार कसा?

मग मी दुसरी चूक केली आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. निरोप पाठवला की बिल माफ केलं, आता ये. निरोप ज्याच्या हाती पाठवला त्याने वाटेत आणखी चौघांना सांगितलं. आता तो देणेकरी तर होताच, वर भिकारीही ठरला. पुढचं पाऊण वर्ष तो माझ्या गल्लीतूनही गेला नाही.

शेवटी एका सोमवारी सकाळी छापखाना उघडत होतो तेव्हा तो आला. रुमालात बांधलेल्या नोटा आणि चिल्लर. मोजून पावणेदोनशे टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "पावती द्या." मी नको म्हणायला तोंड उघडलं, त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी गुमान पावतीपुस्तक काढलं. पुढच्या रविवारी ढोलकी वाजली. मी मात्र त्या दिवशी नीट उपदेश करू शकलो नाही.

त्यानंतर मी दुकानात उधारी बंदची पाटी लावली आणि मंडळीसाठी वेगळी सोय केली. गरजेला मदत लागते, ती नाकारता येत नाही. कमिटीतल्या दोन वडीलधाऱ्यांकडे एक लहानसा निधी ठेवला, त्यात माझ्या धंद्यातलेही पैसे दर महिन्याला टाकायचो. कोणाला किती दिले हे मी विचारायचं नाही आणि त्यांनी मला सांगायचं नाही, अशी बोली. कोण देणेकरी आहे हे मला ठाऊकच नसल्यावर मी सगळ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलू शकत होतो. तुझ्या वडिलांच्या उधारीच्या वहीत मंडळीतली किती नावं आहेत? पदभार घेण्याआधी ते बघ. घाऊक माफी जाहीर करू नकोस, माझी दुसरी चूक लक्षात ठेव. वसुलीचं काम तुझ्या धाकट्या भावाकडे दे.

उधारीने पोळलेल्या माझ्यासारख्याला तरी शहाणपण यायला हवं होतं. आलं नाही. नव्वदच्या दशकात गावात एक पतसंस्था निघाली आणि संचालक मंडळावर माझं नाव हवं म्हणून चार प्रतिष्ठित माणसं घरी आली. ख्रिस्ती समाजाचा प्रतिनिधी म्हणून, असं म्हणाले. मला ते गोड लागलं, हे आज कबूल करतो. सभेला जायचो, चहा प्यायचो, सही करायचो. आमच्या दोन विधवा बहिणींनी आणि एका निवृत्त शिक्षकाने आपली पुंजी तिथे ठेवली. व्याजाचा दर त्यांनी विचारलासुद्धा नाही. साहेब आहेत ना, एवढंच. संस्था बुडाली. मी एक पैसा खाल्ला नव्हता, पण म्हणून काय? त्यांनी संस्थेवर विश्वास ठेवलाच नव्हता, माझ्यावर ठेवला होता. ट्रेडल विकून जमेल तेवढं त्या तिघांना भरून दिलं. शिक्षकाचं सगळं देणं फिटण्याआधी ते वारले. अंत्यविधी मीच केला, आणि त्यांच्या मुलाने मातीची मूठ टाकताना माझ्याकडे पाहिलं नाही.

तुलाही बोलावतील. पतसंस्था, शाळेची कमिटी, शांतता समिती, पालिकेचं तिकीट. सगळ्यांना नाही म्हण, असं मी म्हणत नाही. जालन्याजवळ निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून बेथेल गाव वसवणारे नारायण शेषाद्री पाळकच होते. ज्यांच्या पायाखाली स्वतःची जमीन नव्हती त्यांच्यासाठी ते दरबारात गेले. स्मशानभूमीची हद्द, नळाची लाइन, दंगलीच्या अफवेच्या रात्री चौकात जाऊन उभं राहणं, यासाठी पुढे हो. पण जिथे लोकांचे पैसे तुझ्या नावावर गोळा होणार असतील आणि हिशोबाची वही तुझ्या हातात नसेल, तिथून उठून ये. निवडणुकीत सगळ्या पक्षांना खिळे वीक, चर्चच्या आवारात कोणाचाही मंडप घालू देऊ नकोस.

आता सहीबद्दल. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आपल्यातले बहुतेक जण महार-मांग घरांतले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. येशू मानला म्हणून गावाने आपल्याला सगळ्यांच्या पाणवठ्यावर घेतलं असं काही झालं नाही, पाणवठा तोच राहिला, जातीचा दाखला तेवढा गेला. तेव्हा तुझ्याकडे आई येईल आणि म्हणेल, पोराचा बाप्तिस्मा करा पण वहीत लिहू नका. तिच्यावर रागावू नकोस.

माझ्याकडे एक हुशार मुलगा आला होता. कोणीतरी त्याच्या दाखल्यावर तक्रार केली होती आणि त्याला 'हा आमच्या मंडळीचा सभासद नाही' असं पत्र हवं होतं. त्याला मी स्वतः बाप्तिस्मा दिला होता. मी पत्र लिहून दिलं. लेटरहेड माझ्याच छापखान्याचं होतं. तो नोकरीला लागला, आईबापाला पक्कं घर बांधून दिलं. चर्चमध्ये मात्र पुन्हा आला नाही. येणार कसा? सभासद नाही म्हणून मीच तर लिहून दिलं होतं. ढोलकीवाल्यासाठी पावतीपुस्तक तरी होतं, या मुलासाठी माझ्याकडे काहीच नव्हतं.

मी चुकलो की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. तू तिथे असशील तेव्हा तुझं तू ठरव. मी नंतर एवढंच पाळलं की बाप्तिस्म्याची वही कधी खोटी केली नाही, आणि चुगली करायला आलेल्या माणसासमोर ती कधी उघडलीही नाही.

बारीकसारीक थोडं. अर्पण तू मोजू नकोस, दोघांनी मोजावं आणि दोघांनी सही करावी. दुकानातले सुटे पैसे हवे असले तरी दानपेटीतून बदलून घेऊ नकोस. विश्वस्तांचा हिशोब दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे वेळेवर जातो का, ते पहिल्याच महिन्यात विचार. लग्नाच्या वेळेबाबत कडक राहा. 1872 चा ख्रिस्ती विवाह कायदा सर्वसाधारणपणे सकाळी सहा ते संध्याकाळी सात म्हणतो आणि वरात बँडपुढे नाचत असते. मी पत्रिकेत 'सायं. 4 वा.' छापायचो आणि पावणेसातला घामाघूम होऊन वधूवरांची वाट बघायचो. सोमवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेव, आजाऱ्यांना भेटायला तोच दिवस बरा पडतो, बाजार नसतो. आणि बायकोला विचारल्याशिवाय कुठल्याही सभेचं अध्यक्षपद घेऊ नकोस.

स्मशानभूमीच्या मोजणीचा जुना नकाशा माझ्या कपाटात आहे, तो तुझ्या हाती द्यायचा आहे. पावसाच्या आधी एखाद्या सोमवारी ये. येताना वडिलांची उधारीची वही आण, दोघं मिळून नावं बघू. ढोलकीवाल्याचा नातू आजकाल तुझ्याच दुकानातून रंग नेतो असं कळलं. त्याचं नाव वहीत असेल, तर ते पान आधी काढ.

तुझा,
म्हातारा पाळक