दिवा न लावता उघडलेला डबा

"मावशी, मी वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहते. वय 46. लेक जूनमध्ये शिकायला पुण्याला गेली. गणपतीत घर माणसांनी भरलं होतं, चाकरमानी परतले आणि आता आम्ही दोघंच. हे नवाला झोपतात. मग मी स्वयंपाकघरात जाते आणि दिवा न लावता खाज्याच्या डब्यात हात घालते. भूक नसते. झाकण आवाज न करता कसं उघडायचं तेही आता जमतं. सकाळी स्वतःची किळस येते म्हणून दिवसभर उपास धरते, आणि रात्री पुन्हा तेच. माझा मनावर ताबाच नाही का?"

अगं, घरात तुला ओरडणारं कोणी जागं नाही आणि तरी तू दिवा लावत नाहीस. मग चोरी कोणापासून?

ताब्याचं म्हणशील तर मला उलटंच वाटतं, तू ताबा फार घट्ट धरलायस. 1975 साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक पाजला, मग चव सांगायच्या निमित्ताने आइस्क्रीम समोर ठेवलं. एरवी मोकळेपणी खाणाऱ्या मुलींनी आइस्क्रीम कमी खाल्लं, कारण पोट भरलेलं. पण ज्या रोज मोजूनमापून खायच्या, त्यांनी मिल्कशेकनंतर जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, मग आता काय! तुझा सकाळचा उपास रात्रीच्या डब्याची तयारीच करून ठेवतो. सोमवार श्रद्धेने धरत असशील तर धर. शिक्षा म्हणून धरलेला मात्र आजच सोड. सकाळी उकड्या तांदळाची पेज घे, दुपारी आमटी-भात, जमलं तर मासे. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर उपासाचं डॉक्टरांना सांगितलंयस ना?

राहिली रात्र. बरेच दिवस ताण राहिला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं हार्मोन वाढतं आणि बऱ्याच जणांना गोड-तळलेलं हवंसं वाटतं. खाज्यात दोन्ही आहे, तळलेलं बेसन आणि गूळ. घटकाभर बरं वाटतं, हे खोटं नाही. सासूबाई गेल्या त्या महिन्यात मीही उभ्याउभ्या शेवेचा डबा संपवायची, आणि कोणी विचारलं तर उंदीर सांगायची.

हात डब्याकडे गेला की एवढंच विचार: आत्ता शिळी भाकरी नि भाजी चालेल? चालेल म्हणालीस तर भूक आहे, जेव. खाजाच हवा असेल तर दिवा लाव, बशीत चार काढ, बसून खा. आणि मग लेकीला फोन लाव. नवाला हॉस्टेलवर कोण झोपतंय?

आठवड्यातून एकदा तरी, असं तीन महिने, थांबता येत नाही इतकं खाणं होत असेल, किंवा खाल्लेलं ओकून काढत असशील, तर मात्र माझ्यावर थांबू नकोस, डॉक्टरांना गाठ. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही. खाजा तुला आवडतो की लेकीला? तिला आवडत असेल, तर पुढच्या वेळी आणशील तेव्हा घरी डब्यात भरायच्या आधी तिचं पुडकं बांध आणि पुण्याला जाणाऱ्या कोणाच्या हाती दे.

— मावशी