व्हीलचेअर वापरत असल्याचे जोडीदार शोधताना केव्हा सांगावे?
माझ्या मते पहिल्या भेटीपूर्वीच सांगावे, कारण मग भेटीचे ठिकाण दोघांना मिळून ठरवता येते. नाशिकमध्ये पांडवलेणीच्या पायऱ्यांपेक्षा कॉलेज रोडवरचे रॅम्प असलेले एखादे कॅफे बरे, आणि तेथील स्वच्छतागृहाचे दार पुरेसे रुंद आहे का, हे आधी फोन करून अवश्य विचारावे. मदत कोणती हवी आणि कोणती नको, तेही स्पष्ट बोला. न विचारता खुर्ची ढकलणारी व्यक्ती प्रेमळ असली तरी तिला थांबवावेच लागते. सगळी शुश्रूषा जोडीदारावर पडली तर नाते थकते, म्हणून शक्य असल्यास मदतनीस वेगळा ठेवावा. मूल होण्याविषयी घरचे विचारतीलच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १० मध्ये प्रजनन व कुटुंबनियोजनाची योग्य माहिती मिळण्याची तरतूद आहे, तेव्हा तो प्रश्न दोघांनी मिळून डॉक्टरांपुढे न्यावा.