सीआरपी सहापट वाढला, की उतरला?

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

कोथरूडला राहणाऱ्या पंचेचाळिशीच्या शिक्षिका. घशाच्या संसर्गासाठी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड सुरू झालं आणि नवव्या दिवशी दोन्ही पोटऱ्यांवर जांभळट, बोटाला उंच लागणारे ठिपके उठले. त्वचारोगतज्ज्ञांनी काचपट्टी दाबून पाहिली. रंग गेला नाही, म्हणजे रक्त वाहिनीच्या बाहेर झिरपलं होतं. बायोप्सीत लहान रक्तवाहिन्यांचा दाह, ल्युकोसायटोक्लास्टिक व्हॅस्क्युलायटिस, असं निदान आलं. अँटिबायोटिक बंद झालं, पाय उंचावर ठेवून विश्रांती सांगितली गेली आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा छोटा कोर्स सुरू झाला. समुपदेशनाला त्या आल्या तेव्हा ठिपके विरत होते, पण झोप उडाली होती.

"दहा दिवसांत सीआरपी सहापट झालाय. आता किडनी जाणार का?"

फाइलमध्ये दोन लॅबचे रिपोर्ट होते. पहिल्यात सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) १.४, दुसऱ्यात ९, आणि दोन्हींपुढे 'जास्त' अशी खूण. आकड्याशेजारचं बारीक अक्षर कुणी वाचलं नव्हतं. पहिल्या लॅबचं एकक मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, दुसरीचं मिलिग्रॅम प्रति लिटर. डेसिलिटरच्या आकड्याला दहाने गुणलं की लिटरचा आकडा मिळतो, म्हणजे सीआरपी १४ वरून ९ वर आला होता. हा घोळ वरचेवर दिसतो, कारण कधी जवळचं कलेक्शन सेंटर गाठलं जातं, कधी पॅकेज स्वस्त म्हणून दुसरीच लॅब. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा; लॅब बदललीच तर आधी एकक आणि संदर्भमर्यादा पाहा.

सीआरपी यकृतात बनतो. दाह पेटला की काही तासांत वाढतो आणि शमला की झपाट्याने उतरतो. रक्तातलं त्याचं अर्धायुष्य सुमारे १९ तासांचं. पण दाह कुठे आहे ते त्याला सांगता येत नाही. घसा, हिरडी, पोटरी, त्याच्या लेखी सगळं सारखंच. ईएसआर (लाल पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात, ती दाहाची दुसरी तपासणी) तर त्याहून सुस्त: उतरायला आठवडे घेतो आणि रक्तक्षय असला की उगाच चढलेला दिसतो. बाईंचं हिमोग्लोबिन ९.८ होतं, त्यामुळे ३८ च्या ईएसआरचा फार अर्थ लावण्यासारखा नव्हता. पांढऱ्या पेशी १३,००० झाल्या होत्या, त्यामागे प्रेडनिसोलोन असण्याची शक्यता मोठी. स्टेरॉइडने न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात. ताप नव्हता, नवा संसर्ग दिसत नव्हता.

खरी धडकी एएनएने (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) भरवली होती. १:८० ला, म्हणजे नमुना ऐंशी पट पातळ केल्यावरही, पॉझिटिव्ह. भाच्याने नेटवर शोधून 'ल्युपस' (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) असा निष्कर्षही काढून टाकला होता. धडधाकट माणसांतही १:८० ला साधारण १३ टक्के जणांचा एएनए पॉझिटिव्ह येतो. सांधे, केस, तोंडातले व्रण, उन्हाने येणारं पुरळ यातलं काहीच नव्हतं. सी३ आणि सी४ ही प्रतिकारयंत्रणेतली प्रथिनं नॉर्मल, लघवी स्वच्छ. अशा वेळी तज्ज्ञ लक्षणांवर नजर ठेवतात, दर महिन्याला एएनए करत बसत नाहीत. अँका (रक्तवाहिन्यांच्या काही दाहांत सापडणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी) निगेटिव्ह होता. फक्त त्वचेपुरत्या दाहात तो बहुधा निगेटिव्हच असतो. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीही निगेटिव्ह.

क्रायोग्लोब्युलिनची तपासणी मात्र वाया गेली होती. नमुना घरून घेतला आणि बर्फाच्या पेटीतून लॅबला गेला. ही प्रथिनं थंडीत गोठतात. रक्त साकळून सीरम वेगळं होईपर्यंत नळी ३७ अंशांवर राहिली नाही, तर ती गुठळीबरोबरच खाली बसतात आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. ही तपासणी करायचीच तर मुख्य लॅबमध्ये स्वतः जाऊन, आधी विचारून. बाईंचा सी४ नॉर्मल आणि हिपॅटायटिस सी निगेटिव्ह असल्याने ती पुन्हा करण्याची घाई डॉक्टरांना वाटली नाही.

आता किडनीचा प्रश्न. बायोप्सीचे दोन तुकडे घेतले होते, पण इम्युनोफ्लुओरेसन्ससाठीचा (चमकणाऱ्या रंगाने प्रतिपिंडं शोधण्याच्या तपासणीचा) तुकडाही फॉर्मॅलिनमध्ये गेला. तो वेगळ्या माध्यमात पाठवावा लागतो. त्यामुळे वाहिन्यांच्या भिंतीत आयजीए हे प्रतिपिंड साचलं आहे का, ते कळलं नाही. रक्तातलं आयजीए नॉर्मल होतं, पण आयजीए व्हॅस्क्युलायटिसच्या (किडनीलाही गाठू शकणाऱ्या प्रकाराच्या) निम्म्याच्या आसपास रुग्णांतच ते वाढतं. नॉर्मल आकड्याने तो आजार नाकारता येत नाही. म्हणून डॉक्टरांनी लघवी, रक्तदाब आणि क्रिएटिनिनवर (किडनी रक्त कितपत गाळते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीवर) सहा महिने लक्ष ठेवायला सांगितलं. पहिला महिना दर आठवड्याला लघवी, मग महिन्यातून एकदा.

"म्हणजे सीआरपीपेक्षा ती स्वस्तातली लघवीची तपासणी मोठी?"

"किडनीच्या बाबतीत हो, ताई. प्रथिनं आणि लाल पेशी तिथे आधी दिसतात. क्रिएटिनिन बरंच उशिरा हलतं."

नमुना सकाळचा, मधल्या धारेचा, पाळीचे दिवस टाळून. तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोचवायचा, नाहीतर पेशी फुटतात. प्रथिनांचा शेरा '१+' आला तर नुसत्या पट्टीवर न थांबता प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर मागायचं.

दर तीन दिवसांनी स्वतःहून सीआरपी करण्याची सवय सोडणं त्यांना जड गेलं. आकडा पाहिला की तासभर बरं वाटायचं, मग पुढच्या आकड्याची धाकधूक. तोडगा असा ठरला: तपासणी फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, आणि रोज रात्री पोटऱ्यांचा एक फोटो, त्याच दिव्याखाली. फोटोत पाहायचं एवढंच, की नवे ठिपके आहेत का. जुन्या ठिपक्यांचे तपकिरी डाग रक्तातल्या लोहाचे असतात, ते काही आठवडे ते महिने राहतात. त्याला आजार वाढला असं म्हणत नाहीत. पोटात कळा, काळी शौच, चहाच्या रंगाची लघवी, खोकल्यातून रक्त, पाऊल लुळं पडणं किंवा हातापायाला बधिरपणा, यातलं काही झालं तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न पाहता इस्पितळ गाठायचं.

दोष औषधाचा की घशाच्या संसर्गाचा, हे रक्ताच्या कुठल्याच तपासणीने ठरत नाही. दोन्ही कारणं माहितीतली, आणि बऱ्याच रुग्णांत कारण सापडतच नाही. तरी त्या अँटिबायोटिकचं नाव, सुरू केल्याची तारीख आणि ठिपके उठल्याची तारीख एका कार्डावर लिहून पर्समध्ये ठेवायला सांगितलं. दातांच्या डॉक्टरांनाही ते दाखवायचं.