परवाना रायफलीचा आहे, काडतुसं भरण्याचा नाही

प्रश्न: मी दापोली तालुक्यात राहतो. माझ्याकडे थर्टी-ओ-सिक्स रायफल आहे. परवाना नेमबाजीसाठीचा, वेळेवर नूतनीकरण केलेला. विकतच्या काडतुसांनी शंभर मीटरवर गोळ्या एका जागी बसत नाहीत. अमेरिकेतला मावसभाऊ गणपतीला आला तेव्हा काडतूस भरण्याचा हातप्रेस, डाय (पुंगळीला आकार देणारे साचे), बारीक तराजू आणि नव्या रिकाम्या पुंगळ्या बॅगेतून घेऊन आला. दारू बाहेरून आणायची नाही. माझीच परवान्यावरची काडतुसं उघडून, दारू सारखी तोलून पुन्हा भरायचा विचार आहे. अजून एकही उघडलेलं नाही. यात बेकायदा काही आहे का?

उत्तर: तुमच्या पत्रातलं ‘अजून एकही उघडलेलं नाही’ हे वाक्य वाचून मला हायसं वाटलं. ते तसंच राहू द्या. बाकीचं सगळं उत्तर त्यावरच उभं आहे.

तुमचा हिशोब असा दिसतो: काडतूस माझं, दारू माझी, नवीन काहीच तयार होत नाही. नेमबाज म्हणून तो मला समजतो. दारू ग्रेनच्या (दारू तोलायच्या छोट्या एककाच्या) दहाव्या हिश्शापर्यंत सारखी पडली की गोळीचा वेग सारखा राहतो, हे खरं आहे. पण १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं, म्हणजे आपण ज्याला हत्यार कायदा म्हणतो त्याचं कलम ५ फक्त ‘निर्मिती’वर थांबत नाही. दारूगोळ्यात फेरबदल करणं, तो दुरुस्त करणं, त्याची चाचणी घेणं, या सगळ्याला त्यात स्वतंत्र परवाना लागतो. तुमचा परवाना कलम ३ खालचा, जवळ बाळगण्याचा आहे. उघडून पुन्हा भरलेलं एक काडतूससुद्धा कलम ५ मध्ये ओढलं जाऊ शकतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली त्याला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. विकण्याचा हेतू नव्हता, एवढ्यानं सुटका होत नाही.

आता घरात असलेल्या सामानाचं. इथे बहुतेक जण फसतात, कारण रिकामी पुंगळी म्हणजे पितळेचा तुकडा असं वाटतं. कायद्यातली ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या वाचा: दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्री हीसुद्धा दारूगोळाच. म्हणजे तुमचा प्रेस, डाय आणि पुंगळ्या कायद्याच्या नजरेत आताच ‘दारूगोळा’ ठरू शकतात, दारूचा कणही न सांडता. साधा तराजू त्यात येत नाही. कलम ४५ मध्ये किरकोळ सुट्या भागांना सूट आहे, पण ते पूरक भागांसह वापरायचे नसतील तरच. शोकेसमधल्या एका जुन्या पुंगळीला ती उपयोगी पडेल. तुम्ही तर बेत लिहूनच कळवला आहे. १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो असं म्हटलं, तोही बचाव तुम्हाला नाही.

शिवाय ही वस्तू विमानतळावरून आत आली. परवान्याशिवाय दारूगोळा देशात आणायला कलम १० मनाई करतं, आणि तो प्रश्न मावसभावापर्यंत जातो.

म्हणून पहिलं काम: काहीही खाडीत फेकू नका, कुणाच्या बागेत पुरू नका, ओळखीच्याला देऊ नका. पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ चा वेगळा गुन्हा होऊ शकतो, आणि दुसऱ्याला दिलंत तर ‘हस्तांतरण’ आलंच. पोलीस ठाण्यात एकटे जाऊ नका. आधी फौजदारी काम करणारा वकील गाठा आणि त्याला सगळं खरं सांगा; तुमचं त्याच्याशी झालेलं बोलणं नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ नं सुरक्षित आहे. मग त्याच्यासोबत, वस्तूंची यादी जोडून, रत्नागिरीच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांना अर्ज द्या, सामान पोलीस ठाण्यात जमा करा आणि पोच घ्या. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ मधली जमा करण्याची तरतूद मुळात ज्याचा कायदेशीर ताबा संपला त्याच्यासाठी आहे, त्यामुळे ती तुमची ढाल होईल असं मी सांगणार नाही. पण कलम ३ च्या, म्हणजे परवान्याविना जवळ बाळगण्याच्या गुन्ह्यात खटला भरायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. छाप्यात सापडलेला माणूस आणि स्वतःहून आलेला माणूस, हा फरक त्या टेबलावर नक्की दिसतो. कलम ५ ला हे संरक्षण नाही, म्हणून तर एकही काडतूस उघडू नका म्हणतो. रायफलीचा परवाना निलंबित होण्याची शक्यता आहे, त्याची मनाची तयारी ठेवा.

नेम सुधारायचा मार्ग मात्र बंद नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं, तो प्रकार .२२ च्या कारखान्यातल्या काडतुसांवरच चालतो. त्यांचा पेटता मसाला कडेच्या घडीत असतो, त्यामुळे ती पुन्हा भरायचा प्रश्नच येत नाही. ते नेमबाज वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या रायफलीतून मारून बघतात आणि जो लॉट जमतो तोच साठवतात. तुम्हीही विक्रेत्याकडे पेटीवरचा लॉट नंबर बघून एकाच लॉटची काडतुसं मागा, परवान्यावरच्या मर्यादेत. न उघडता अख्खी काडतुसं तोलून वजनाप्रमाणे वेगळी करायला हरकत नाही. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत ती घट्ट झाकणाच्या डब्यात, कुलपात ठेवा. दुर्बिणीचे स्क्रू आणि रायफलीची लाकडावरची बैठक परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्या. गोळ्या पसरण्याचं कारण बरेचदा तिथंच निघतं. चाचणी मान्यताप्राप्त रेंजवरच करा, गावाबाहेरच्या सड्यावर नको.

आणि मावसभावाला आजच फोन करा. पुढच्या खेपेला गोळ्यांची पेटी आणायचं त्यानं कबूल केलं असेल, तर ती तिथेच राहू दे.