वाचकांचे प्रश्न : संसदेविना राजाची तिजोरी

प्रश्न : इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने १६२९ ते १६४० अशी ११ वर्षे संसद न बोलावता राज्य केले, असे अभ्यासक्रमात आहे. कर लावायला संसदेची संमती लागत होती, तर त्याला पैसा मिळाला कुठून? आणि ही वसुली बेकायदा होती का? (एक पदवी विद्यार्थिनी, खानापूर, जि. बेळगाव)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे, कारण चार्ल्सने नवा कर म्हणून फारसे काही लावलेच नाही, जुने, विस्मरणात गेलेले राजहक्क शोधून त्यांच्या आधारे त्याने वसुली केली. आयात-निर्यातीवरील जकात आधीच्या राजांना तहहयात मंजूर होत असे. १६२५ मध्ये कॉमन्स सभागृहाने (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने) चार्ल्सला ती एकाच वर्षासाठी देऊ केली, तरी तो ती पुढे घेतच राहिला. जमिनीचे वार्षिक उत्पन्न ४० पौंड असलेल्याने राज्याभिषेकावेळी सरदारकी घेण्यासाठी हजर व्हावे, असा एक जुना दंडक होता. महागाईमुळे ही रक्कम कधीच किरकोळ झाली होती. तरीही हजर न राहिलेल्यांकडून १६३० पासून दंड घेतला गेला आणि त्यातून पावणेदोन लाख पौंडांच्या आसपास रक्कम जमली.

खरा वाद पेटला तो जहाजपट्टीवरून. संकटकाळी बंदरांनी राजाला जहाजे किंवा त्यांचा खर्च द्यावा, ही रूढी जुनी होती. १६३४ मध्ये, युद्ध नसतानाही, ती बंदरांवर लागू झाली आणि पुढच्याच वर्षी समुद्र न पाहिलेल्या परगण्यांवरही लादली गेली. कारवारच्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी अथणी-चिकोडीच्या शेतकऱ्याकडे दरवर्षी गलबताची किंमत मागावी, तसाच हा प्रकार होता. समुद्रापासून दूर असलेल्या बकिंगहॅमशायरला ४५० टनांचे जहाज किंवा ४,५०० पौंड द्या, असा हुकूम गेला.

तिथल्या जॉन हॅम्पडेन या जमीनदाराने आपल्या वाट्याचे २० शिलिंग (म्हणजे एक पौंड) भरायचे नाकारले. त्याला ही रक्कम जड नव्हती. राजाचा हक्क न्यायालयात तपासला जावा, एवढ्यासाठीच तो अडून बसला होता आणि म्हणूनच हे २० शिलिंग मला त्या काळातील सर्वांत महत्त्वाची रक्कम वाटते. १६३८ मध्ये १२ न्यायाधीशांपैकी ७ जणांनी राजाच्या बाजूने आणि ५ जणांनी विरोधात कौल दिला. राज्यावर संकट आहे की नाही हे राजानेच ठरवायचे, असे बहुमताचे म्हणणे पडले. म्हणजे त्या घटकेला, निकालाच्या भाषेत, जहाजपट्टी कायदेशीरच होती. पण इतक्या थोड्या फरकाने मिळालेल्या विजयाने लोकांचा धीर वाढला आणि १६३९ पासून वसुली कोसळली.

पुढे स्कॉटलंडशी युद्ध उभे राहिले. त्याचा खर्च अशा पट्ट्यांतून भागेना, म्हणून १६४० मध्ये चार्ल्सला संसद बोलवावीच लागली. तिने १६४१ मध्ये जहाजपट्टी बेकायदा ठरवून हॅम्पडेनविरुद्धचा निकालही रद्द केला. संसदेच्या मंजुरीविना राजासाठी पैसा उभारणे बेकायदा आहे, हे सर्वसाधारण कलम मात्र १६८९ च्या हक्कांच्या सनदेत आले.