हरमलच्या व्हरांड्यातली पाहुणी आणि निर्माती व्हायचं खूळ

या वेळी प्रश्न भरपूर आलेत आणि गंमत म्हणजे बरेचसे इस्रायली मालिकांवर. गोव्यात ते लोक दर सीझनला दिसतात म्हणून असेल, किंवा पावसात सगळे घरी बसून ओटीटी बघतात म्हणून असेल. पहिलं पत्र लांब आहे, पण मला आवडलं म्हणून पूर्ण छापायला सांगितलंय.

प्रश्न : ताई, आमचं हरमलला छोटं गेस्टहाऊस आहे, चारच खोल्या. मिलिटरीची सक्तीची नोकरी संपवून फिरायला निघालेली इस्रायली पोरं दरवर्षी येतात, त्यांची सवय आहे आम्हाला. पण गेल्या जानेवारीत पन्नाशीच्या एक बाई आल्या, तीन आठवडे राहिल्या, रोज सकाळी व्हरांड्यात बसून कागदांचा गठ्ठा वाचायच्या आणि पेनाने खोडत सुटायच्या. विचारलं तर म्हणाल्या मी टीव्ही ड्रामाची प्रोड्युसर. मला वाटायचं प्रोड्युसर म्हणजे पैसे घालणारा, मग या स्क्रिप्ट का खोडतायत? मी मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मला हेच करायचंय. तिकडे ही माणसं त्या जागेवर पोचतात कशी? (हरमल, पेडणे)

उत्तर : अगो बाय, आधी पैशाचं भूत उतरवू. मी मुंबईत अकरा वर्षं डेली सोपच्या प्रॉडक्शनला काढली, तिथे आमचा निर्माता महिन्यातून एकदा सेटवर यायचा आणि जेवणात किती भाज्या केल्यात ते मोजून जायचा, त्यामुळे तुझा समज कुठून आला ते मला नीट कळतं. तिकडे ड्रामाचा निर्माता बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातलं घालत नाही, घालायला त्याच्याकडे नसतंच. तो एक गोष्ट पकडतो, लेखकाला धरून बसवतो, मग चॅनलकडून, फंडाकडून, परदेशातल्या भागीदाराकडून थोडे थोडे पैसे जमवतो आणि त्या जमलेल्या पैशात ती गोष्ट बसवतो. जत्रेच्या नाटकाला गावात वर्गणी काढणारा, पात्रं ठरवणारा, पेट्रोमॅक्सच्या जमान्यात बत्ती कोण आणणार ते बघणारा आणि नायिका रुसली तर तिची समजूत घालणारा जो एक मनुष्य असायचा ना, तोच हा.

आता खोडाखोड. आपल्याकडे डेली सोपला आज लिहिलं, उद्या शूट, परवा टेलिकास्ट अशी गत असते, शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक दोन दिवसांची उरली की सगळ्यांचं बीपी वाढतं. तिकडच्या ड्रामाचा सीझन दहा-बारा भागांचा असतो आणि शूटिंगला हात लावायच्या आधी बहुतेक सगळा लिहून झालेला असतो, मग पिक्चरसारखं लोकेशनप्रमाणे शूट करतात, म्हणजे पहिल्या भागातलं स्वयंपाकघर आणि नवव्या भागातलं स्वयंपाकघर एकाच दिवशी. त्यामुळे कागदावरच्या एकेका ओळीचे पैसे लागतात. लेखक बिचारा मजेत लिहितो ‘रात्र, बाहेर, पाऊस’, आणि प्रॉडक्शनवाल्याला त्या तीन शब्दांत जनरेटर, पाण्याचा टँकर, नाइट शिफ्टचे जादा पैसे आणि दुसऱ्या दिवशी उशिरा येणारं युनिट असं सगळं दिसतं. तो सीन दिवसा खोलीत घेतला तर गोष्ट मरते का, एवढंच तुझी पाहुणी पेन हातात घेऊन बघत असणार. मरत असेल तर पाऊस ठेवायचा आणि दुसरीकडचं काहीतरी कापायचं, आणि कुठलं कापायचं हे ज्याला कळतं तो चांगला निर्माता.

याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण हगाय लेवी. हा धार्मिक किबुत्झवर, म्हणजे तिकडच्या सामूहिक वसाहतीत, वाढलेला मुलगा, तेल अवीव विद्यापीठात सिनेमा शिकला आणि पुढे केशेत या मोठ्या टीव्ही कंपनीत ड्रामा विभागाचा प्रमुख होता. २००५ मध्ये त्याने ‘बेतिपुल’ काढली, शब्दाचा अर्थ साधारण ‘उपचार चालू आहेत’ असा. एक मानसोपचारतज्ज्ञ, एक पेशंट, एक खोली, बस्स. आठवड्यातून पाच रात्री, रोज अर्धा तास, रविवारचा पेशंट वेगळा, सोमवारचा वेगळा, आणि पाचव्या दिवशी तो तज्ज्ञ स्वतःच कोणाकडे तरी जाऊन बसतो आणि तिथे त्याची भंबेरी उडते. गाड्या नाहीत, गोळीबार नाही, परदेशातलं गाणं तर नाहीच. कमी पैशात करता यावी अशीच ती रचना आहे, आणि गंमत बघ, तीच तिची ताकद ठरली, कारण दोन माणसं बोलतायत हे कुठल्याही देशात उचलून नेता येतं. २००८ मध्ये एचबीओने अमेरिकेत ती ‘इन ट्रीटमेंट’ म्हणून केली, नंतर अनेक भाषांत झाली, २०२१ ला फ्रान्समध्येसुद्धा. लेवी पुढे अमेरिकेत ‘द अफेअर’च्या निर्मात्यांपैकी एक झाला, मग २०२१ मध्ये ‘सीन्स फ्रॉम अ मॅरेज’. म्हणजे एका खोलीतून निघाला तो पार एचबीओपर्यंत.

पण सगळे असे विभागप्रमुखाच्या खुर्चीतून येत नाहीत. जेरुसलेमचं सॅम श्पीगल स्कूल आहे, गाझाच्या हद्दीजवळ स्देरोतला सापीर कॉलेज आहे, तिथून पोरं निघतात. आणि लियोर राझ बघ, हा नट, शिवाय जाहिरातीचा धंदा, त्याचा जोडीदार अवी इसाखारोफ अरब जगावर लिहिणारा पत्रकार, दोघंही तरुणपणी सैन्याच्या एकाच गुप्त तुकडीत. दोघांनी ‘फौदा’ लिहिली, बऱ्याच चॅनलांनी नको म्हटलं, शेवटी ‘येस’ नावाच्या सॅटेलाइट कंपनीने घेतली आणि २०१५ ला आली. फौदा म्हणजे अरबीत गोंधळ. २०२२ च्या इफ्फीत, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, तिच्या चौथ्या सीझनचा पहिला भाग पणजीत दाखवला होता, दोघं स्वतः आले होते, तू तेव्हा बारावीत वगैरे असशील नाहीतर तुला ओढत नेलं असतं.

तुझ्यासाठी सांगायचं तर कॉल शीट, म्हणजे उद्या कोणी किती वाजता कुठे हजर व्हायचं तो कागद, बनवायला शीक, एक्सेल शीक, आणि नोव्हेंबरात पणजीला इफ्फी भरतो तेव्हा नुसती पिक्चर बघत बसू नकोस. सोबत एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा फिल्म बाजार असतो, २००७ पासून चालू आहे, तिथे लोक अर्धवट प्रोजेक्ट घेऊन भागीदार शोधत फिरतात. घरापासून तासा-दीडतासाच्या अंतरावर एवढा बाजार भरतो आणि आपली पोरं आयनॉक्सबाहेर रेड कार्पेटचे फोटो काढून घरी जातात, याचा मला खरंच राग येतो.

प्रश्न : ओटीटीवर हिंदी मालिका बघताना शेवटी नावं नीट वाचायची मला खोड आहे. तीन-चारदा लागोपाठ ‘मूळ इस्रायली मालिकेवर आधारित’ असं दिसलं. एवढ्याशा देशाकडून आपल्याला गोष्टी उसन्या का आणाव्या लागतात? बँकेतून निवृत्त झालोय, वेळ भरपूर आहे. (डिचोली)

उत्तर : काका, तुमची खोड चांगली आहे, ती नावं वाचणारे फार कमी. तुम्ही बघितलेल्यांत बहुतेक ‘होस्टेजेस’, ‘युअर ऑनर’ आणि ‘तनाव’ असणार. ‘तनाव’ म्हणजे ‘फौदा’च, काश्मीरला आणलेली. त्याआधी २०१६ ला स्टार प्लसवर ‘पी.ओ.डब्ल्यू. बंदी युद्ध के’ लागायची, निखिल अडवाणीची, ती गिदोन राफच्या ‘हातुफिम’वरून, हातुफिम म्हणजे पळवून नेलेले. मूळ २०१० ची, दोन सीझन मिळून चोवीस भाग, आपल्याकडे त्याचे शंभराच्या वर केले, आता काय बोलायचं. अमेरिकेत त्याचीच ‘होमलँड’ झाली.

हे उसनं घेणं नुसतं गोष्टीचं नसतं, त्याला फॉरमॅट विकणं म्हणतात. गोष्टीचा सांगाडा, पात्रं, कुठल्या भागाला कुठे वळण, लिहिलेल्या स्क्रिप्टा, असं सगळं हक्कांसकट मिळतं. ‘होस्टेजेस’चंच बघा, उद्या ऑपरेशन करायचंय त्या सर्जनच्या घरच्यांना गुंडांनी ओलीस धरलंय आणि पेशंटला टेबलावर मारून टाक म्हणून सांगितलंय. तिकडे तो पेशंट पंतप्रधान, अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष, आपल्याकडे मुख्यमंत्री. ‘युअर ऑनर’मधला जज्ज तिकडे बेर्शेबाचा, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचा, आपल्याकडे लुधियानाचा. सांगाडा तोच, कपडे ज्याचे त्याचे.

आता का, तर तुम्ही बँकेतले आहात, हिशोब लगेच कळेल. देशाची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, त्यात हिब्रू बघणारे आणखी कमी. तेवढ्या प्रेक्षकांवर ड्रामाचा खर्च काही निघत नाही. १९९३ पर्यंत तर व्यापारी चॅनलच नव्हतं, सरकारी एकच, मग चॅनल टू आलं, केबल-सॅटेलाइट वाढलं, आणि लायसन्स देताना सरकारने अट घातली की देशी कार्यक्रमांवर इतका इतका खर्च करायचाच. म्हणजे ड्रामा बनवणं भाग आहे पण पैसे थोडे, मग निर्माते कल्पनेवर कष्ट घ्यायला लागले आणि ती कल्पना बाहेर विकली तरच चार पैसे दिसतात हे त्यांना लवकर कळलं. केशेतचे अवी नीर ‘होमलँड’च्या कार्यकारी निर्मात्यांत आहेत ते उगाच नाही, आणि २०१२ मध्ये त्यांनी विक्रीसाठी केशेत इंटरनॅशनल ही वेगळी कंपनीच काढली. आपल्याकडे मराठी प्रेक्षक कितीतरी पट जास्त, त्यामुळे दुसऱ्याला विकायची गरजच कधी भासली नाही. माझं मत विचाराल तर आपलं घोडं इथेच पेंड खातंय.

प्रश्न : ‘तेहरान’ खरंच तेहरानमध्ये शूट केली का? मित्राशी पैज लागलीय. (मडगाव)

उत्तर : पैज कुठल्या बाजूने लावलीयस ते लिही की रे! नाही, अथेन्समध्ये केली. इस्रायली युनिट इराणमध्ये जाणं शक्यच नाही, म्हणून ग्रीसच्या राजधानीतले रस्ते शोधले, फारसी पाट्या लावल्या, आणि इराण सोडून बाहेर स्थायिक झालेल्या नटांना घेतलं. नायिका निव सुलतान हिला तर त्यासाठी फारसी शिकावी लागली. डाना ईडन आणि शुला श्पिगेल या दोन बायकांची कंपनी, २०२० मध्ये कान या सरकारी चॅनलवर आली, ॲपलने जगभर दाखवली, २०२१ ला उत्कृष्ट ड्रामासाठी आंतरराष्ट्रीय एमी मिळालं. दुसऱ्या सीझनला हॉलिवूडची ग्लेन क्लोज आली. एक शहर दुसऱ्या शहराच्या जागी उभं करायचं म्हणजे काय कटकट असते ते मला विचार, लॉकडाऊनमध्ये २०२१ ला मराठी मालिकांची युनिटं मुंबईहून पळून गोव्यात आली होती तेव्हा आम्ही एका घराला पुणं करायला निघालो होतो आणि दर फ्रेममध्ये मागे माड यायचा. दोन माड तर आम्ही साड्या वाळत घालून झाकले. पुढे मे महिन्यात इथेही शूटिंग बंद झालं ते वेगळं.

प्रश्न : तुम्ही या मालिकांचं कौतुक करता, पण त्यात पॅलेस्टिनी माणूस नेहमी बंदुकीच्या टोकावरच का दिसतो? (फोंडा)

उत्तर : रास्त आहे. ‘फौदा’वर हाच आरोप झालाय, २०१८ मध्ये इस्रायलवर बहिष्कार घाला म्हणणाऱ्या चळवळीने नेटफ्लिक्सला ती काढून टाका म्हणून सांगितलं होतं. अर्धेअधिक संवाद अरबीत आहेत, समोरच्या बाजूची घरंदारं दाखवलीत, हे सगळं खरं, तरी कॅमेरा कोणाच्या खांद्यावर आहे ते लपत नाही. मला स्वतःला ती थरारक वाटते आणि बघून झाल्यावर बरं वाटत नाही, दोन्ही एकदम. पण तुम्ही ‘अवर बॉईज’ बघा, २०१९ ची, त्याच हगाय लेवीची, जोसेफ सेदार आणि पॅलेस्टिनी दिग्दर्शक तौफिक अबू वाएल यांच्याबरोबर केलेली. जेरुसलेममध्ये २०१४ साली एका पॅलेस्टिनी मुलाचा ज्यू मारेकऱ्यांनी खून केला त्या तपासावर आहे. त्यावर खुद्द पंतप्रधान नेतान्याहू खवळले आणि ती दाखवणाऱ्या चॅनलवर बहिष्कार घाला म्हणाले. एकाच धंद्यात दोन्ही प्रकारचे लोक काम करतात, एवढंच मी सांगू शकते.

प्रश्न : माझी मुलगी तुम्हाला पत्र लिहितेय हे मला कळलंय. या कामाला पगार असतो का तेवढं सांगा. (हरमल)

उत्तर : वहिनी, तुमचं पत्र दोन दिवसांनी आलं, पण अक्षरावरून ओळखलं, मुलीचं अगदी तुमच्यासारखंच आहे. खरं सांगते, महिन्याचा पगार फार थोड्यांना. बाकी सगळं प्रोजेक्टवर, संपलं की पुढचं शोधा. मुंबईत पैसे नव्वद दिवसांनी देतात आणि ते नव्वद कधी कधी एकशेऐंशी होतात, एका निर्मात्याने माझे दोन महिन्यांचे बुडवलेच. तिकडेही बहुतेक लोक फ्रीलान्सच, चॅनलने सीझन थांबवला की घरी. तेव्हा सरकारी परीक्षेचा फॉर्म तिने भरावा, मीसुद्धा भरला होता, नापास झाले म्हणून या धंद्यात आले. पण नोव्हेंबरात पंधरा दिवस तिला पणजीला सोडा.

आणि त्या पाहुण्या बाई पुन्हा आल्या तर समुद्राकडची खोली द्या, पण भाडं आधी पक्कं ठरवून घ्या. आयुष्यभर बजेट कापत आलेली बाई आहे ती, घासाघीस केल्याशिवाय राहणार नाही.